शेजारच्या खोलीतून आलेला पॅच

मेल आल्याची टिंग वाजली तसा तिने हातातला कप खाली ठेवला, विषयाची ओळ वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. भिंतीपलीकडे खुर्ची करकरली, मग कुणीतरी खाकरलं. पॅच पाठवून झाला की सासरे खाकरायचे. पोचला का, हे विचारायची ती त्यांची रीत.

पोचला होता. न पोचून जातो कुठे? दोन खोल्यांच्या मधे वीतभर भिंत. पण मेल आधी अर्धं जग फिरून, कर्नेलच्या सार्वजनिक मेल-यादीवर चढून, शेकडो अनोळखी माणसांच्या पेटीत पडून मग तिच्याकडे यायचा. या वेळी त्यांनी एका ठिकाणचा दोनने भागाकार काढून त्या जागी आकडा एक घर उजवीकडे सरकवला होता; संगणकाच्या शून्य-एकाच्या लिखाणात त्यानेही आकडा निम्माच होतो. खाली कारण दिलं होतं: 'माननीय मेंटेनर महोदया, भागाकारापेक्षा सरकवणे स्वस्त पडते. वेळ वाचेल.'

"कुणाचा?" ती पडद्याकडे बघून पुटपुटली. "माझा तर सकाळपासून जातोय."

कर्नेल म्हणजे संगणकाच्या अगदी तळाशी बसलेला कारभारी. वरचे सगळे प्रोग्रॅम त्याच्यापुढे हात पसरतात. हे कर्नेल कुण्या एका कंपनीचं नव्हतं. कोड सगळ्यांना खुला होता. जगातला कुणीही दुरुस्तीचा तुकडा, म्हणजे पॅच, मेलने पाठवू शकत होता, आणि तो घ्यायचा की नाही हे त्या त्या भागाचा मेंटेनर ठरवायचा. नेटवर्कवरून आलेल्या मजकुराची बेरीज जुळते का, वाटेत काही सांडलं-लवंडलं का, हे तपासणारा एक छोटासा भाग तिच्या ताब्यात होता. नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता, ती त्याची राखण करायची. तिला ते काम मनापासून आवडायचं, म्हणजे सासरे निवृत्त होईपर्यंत आवडायचं.

तिने उत्तर लिहिलं: 'धन्यवाद. हे काम कंपायलर आपोआप करतो. पॅच घेता येणार नाही.' कंपायलर म्हणजे माणसाचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. असली किरकोळ काटकसर तो वर्षानुवर्षं न सांगता करत आलेला. हे तिने सासऱ्यांना यापूर्वी इतक्यांदा लिहिलं होतं की आता बोटंच आपोआप लिहायची.

पलीकडे टिंग वाजली. मग दारात सासूबाई.

"काय लिहिलंस गं त्यांना? नाक फुगवून बसलेत."

"आई, जे खरं ते लिहिलं."

"खरंच लिही, पण जरा गोड लिही की."

"'धन्यवाद' घातलंय."

"ते सुरुवातीलाच घातलं असशील. त्याने माणूस जास्त घाबरतो."

चूक तिचीच होती. सासऱ्यांची सगळी नोकरी बँकेच्या संगणक विभागात गेली. यंत्रं कपाटाएवढी आणि मेमरी चिमूटभर असायची, त्या काळातली. एकदा त्यांनी व्याजाच्या प्रोग्रॅममधून इतकी जागा वाचवली होती की मोठ्या साहेबांनी येऊन पाठ थोपटली. ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी थोडे दिवस कुंड्या सांभाळल्या, त्या मेल्या. थोडे दिवस शब्दकोडी सोडवली, मग कोडी रचणाऱ्याच्याच चुका काढून वर्तमानपत्राला कळवायला लागले. आणि एके दिवशी त्यांनी सुनेला सहज विचारलं, "तुझ्या त्या कर्नेलमध्ये म्हणे कुणीही दुरुस्ती पाठवू शकतं?" ती कामाच्या नादात 'हो' म्हणून गेली. ते 'हो' तिला चांगलंच महागात पडलं.

तेव्हापासून रोज काहीतरी असायचंच. कुठे एक बाइट वाचव, कुठे दोन ओळींची एक कर. घरात नवऱ्याने नियम केला होता की जेवताना पॅचचं नाव काढायचं नाही. त्यामुळे समोरासमोर बसून ते मुकाट्याने जेवायचे, आणि उठले की आपापल्या खोलीत जाऊन सगळ्या जगादेखत वाद घालायचे. एकदा तर कहर झाला. तिच्या नकारावर सासऱ्यांनी उत्तर दिलं, 'ठीक आहे. येताना माझे डोळ्यांचे थेंब आण, संपलेत,' आणि ते मराठीतच गेलं सगळ्या यादीला. लांबच्या कुठल्याशा देशातल्या एका भल्या माणसाने ते भाषांतर करून वाचलं आणि गंभीरपणे विचारलं की हा पॅच लागू करण्याआधी हे थेंब घालणं आवश्यक आहे का. ती यादी कायमची जपून ठेवतात. पृथ्वी बुडाली तरी ते थेंब त्यात राहणार होते.

"त्यांचा एक तरी घे ना गं," सासूबाई एकदा भांडी पुसता पुसता म्हणाल्या होत्या. "एकच. नाव लागलं की गप्प बसतील."

"असं नाव लावता येत नाही, आई."

"अगं, ते निवृत्त झाले त्या वर्षी बँकेने सगळं नवीन आणलं. ह्यांनी लिहिलेलं होतं नव्हतं तेवढं पुसून टाकलं. एक अक्षर ठेवलं नाही. कुणाला दाखवायचं म्हटलं तर काही नाही आता हातात." त्यांनी ताट रॅकमध्ये ठेवलं. "ह्यांनी मला कधी बोलून नाही दाखवलं. पण त्या दिवशी जेवले नाहीत."

तिने पुढचं ताट पुसायला घेतलं. वाईट वाटलं म्हणून पॅच घ्यायचा नसतो. त्यातून तिच्या डोक्यावर बसलेला वरचा मेंटेनर, ज्याला घरात सगळे 'खडूस' म्हणायचे, त्याने आधीच एक टोमणा मारून ठेवला होता: 'आडनाव एकच दिसतंय. योगायोग असावा.' त्या दिवसापासून ती परक्याला लावते त्याच्या दुप्पट चाळणी सासऱ्यांना लावायची.

आणि मग तो पॅच आला.

टिंग, खुर्ची, खाकरणं, सगळं नेहमीसारखंच. तिने वैतागूनच उघडला. पण या वेळी पडदाभर लाल ओळी होत्या. लाल म्हणजे काढून टाकायच्या. खाली हिरव्या, नव्या, अगदी मोजक्या. लाल ओळी वाचायची तिला गरज पडली नाही. त्या तिने नुसत्या आकारावरून ओळखल्या.

तो तक्ता तिचा होता. प्रत्येक वेळी आकडेमोड करत बसण्यापेक्षा उत्तरं आधीच काढून एका तक्त्यात मांडून ठेवायची आणि लागेल तेव्हा उचलायची, अशी युक्ती होती. तेव्हाच्या यंत्रांवर त्याने तपासणीचा वेळ जवळपास निम्म्यावर आला होता. कर्नेलमध्ये गेलेलं तिचं ते पहिलं काम. त्यावरून लोक तिला ओळखायला लागले, आणि पुढे हा भाग तिच्याकडे आला तोही त्यावरूनच.

सासऱ्यांचं म्हणणं साधं होतं. आताच्या यंत्रांना आकडेमोड चुटकीसरशी जमते, वेळ लागतो तो मेमरीतून तक्ता आणायला. बोटांवर होणाऱ्या बेरजेसाठी माळ्यावरून जुनी वही उतरवण्यासारखं ते होतं. म्हणून तक्ता काढावा आणि उत्तर जागच्या जागी काढावं. सोबत मोजमापं जोडली होती, स्वच्छ आणि मुद्देसूद, बँकेच्या माणसाला शोभतील अशी.

बरोबर होतं. ते बरोबर आहे हे तिला पहिल्याच वाचनात कळलं, आणि तिचं डोकं फिरलं.

तिने लिहिलं, 'विषयाची ओळ फार लांब आहे.' सासऱ्यांनी छोटी करून पाठवली. तिने लिहिलं, 'कारण अधिक स्पष्ट हवं.' त्यांनी स्पष्ट केलं. एका पॅचचे दोन करा म्हणाली, त्यांनी दोन केले. पुन्हा एक करा म्हणाली, तर एक केला. वेगळ्या यंत्रावर मोजून दाखवा, त्याहून जुन्या यंत्रावर दाखवा, असं ती लिहीत गेली आणि ते हूं की चूं न करता दाखवत गेले. एरवी एका स्वल्पविरामावरून भांडणारा माणूस! निदान एकदा तरी भांडावं, म्हणजे तिलाही चार शब्द सुनावता आले असते. तिला स्वतःचा राग येत होता, आणि तो ती त्यांच्यावर काढत होती.

शेवटी नवरा वैतागला. तो दाताचा डॉक्टर. दवाखान्यातून आला तो पिशवी सोफ्यावर आपटूनच बोलायला लागला.

"बाबांनी माझ्या रिसेप्शनचा कॉम्प्युटर परत बंद करून चालू केला. काय तर म्हणे जुन्या यंत्रावर मोजायचंय. पेशंटच्या अपॉइंटमेंटा कुठे गेल्या कुणास ठाऊक. दुपारी तिघं जण एकाच खुर्चीवर हक्क सांगत होते."

"सांगते त्यांना."

"तूच मोजायला सांगतेयस! नक्की अडलंय कुठे ते तरी कळू दे."

ती वाळलेले टॉवेल घडी करत होती. एक घडी मोडून तिने परत घातली.

"त्या ओळी माझ्या आहेत," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"ते काढतायत त्या. माझं पहिलं काम आहे ते."

नवरा सोफ्याच्या हातावर टेकला. "बाबांना माहितेय?"

"नाही. कुठली ओळ कुणी लिहिली ते कसं बघायचं हे त्यांना येत नाही. आणि मी सांगितलं नाही."

"आणि पॅच? बरोबर आहे?"

तिने पुढचा टॉवेल उचलला.

"हे बघ," तो जरा नरमाईने म्हणाला, "दात काढायचा असेल तर काढून मोकळं व्हावं. रोज जाऊन हलवून बघायचा नसतो."

"तुझं काय जातंय बोलायला!"

"माझा कॉम्प्युटर जातोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. दोन कर्नेल बनवले, एक तक्त्यासकट, एक तक्त्याशिवाय, आणि स्वतःच्या यंत्रावर नि ऑफिसच्या सर्व्हरवर स्वतः मोजलं. फायदा होता. सासऱ्यांनी तर हात राखून लिहिलं होतं, खरा फायदा त्यांच्या आकड्यांपेक्षा थोडा जास्तच भरत होता. तिने उत्तराची खिडकी उघडली. 'धन्यवाद' एवढं लिहिलं. पुढे लिहायला बोटं उचलेनात. जेवून आल्यावर लिहू म्हणून ती उठली.

जेवून आली तर मेल येऊन पडला होता. खाकरणं ऐकू आलं नव्हतं.

'माननीय मेंटेनर महोदया, पुन्हा मोजले असता फायदा दिसून आला नाही. आधीची मोजमापे सदोष होती. कृपया हा पॅच सोडून द्यावा. आपला वेळ घेतल्याबद्दल दिलगीर आहे.'

खोटं कशाला बोला, आधी तिला हायसं वाटलं. सुटले, असंच वाटलं. तक्ता राहणार होता आणि त्यासाठी तिला काही करावं लागणार नव्हतं. ती खुर्चीत मागे रेलली. तेवढ्यात त्याच मेलखाली खडूसचं उत्तर आलं: 'बरं झालं. हौशी मंडळींनी आधी मोजायला शिकावं, मग पाठवावं.'

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मोजायला शिकावं? यांनी? पाव किलो आणलं तर घरी येऊन परत तोलणारा माणूस! आणि आता त्याने स्वतःच्या हाताने, सगळ्या जगासमोर लिहून दिलं होतं की मला मोजता येत नाही, आणि ते पुसता येणार नव्हतं. तिने फोन उचलला.

"तू सांगितलंस ना बाबांना?"

पलीकडे ड्रिलचा आवाज थांबला. "सकाळी निघताना फक्त एवढंच म्हटलं, की त्या ओळी तिच्या आहेत."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. चपला घातल्या आणि फिरायला गेले. का, काय झालं?"

तिने फोन ठेवून दिला. 'धन्यवाद' लिहून ठेवलेली ती खिडकी अजून उघडीच होती. तिने तो शब्द खोडला आणि खडखडा लिहायला लागली.

'लेखकाचे शेवटचे विधान चुकीचे आहे. मी स्वतः मोजले आहे, आकडे खाली देत आहे. फायदा खरा आहे आणि त्यांनी सांगितला होता त्याहून थोडा जास्त आहे. काढायचा तक्ता मी लिहिलेला आहे. पॅच इतके दिवस अडकला तो मोजमापांमुळे नव्हे, माझ्यामुळे. आता घेतला आहे. लेखक माझे सासरे आहेत, योगायोग नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी मोजून बघावे.'

परत वाचलं तर पाठवणार नाही हे तिला माहीत होतं. म्हणून न वाचताच पाठवला, आणि पाठोपाठ त्यांच्या सहीखाली आपली सही घालून पॅचही चढवून टाकला. एका क्षणात सगळा तक्ता गेला. वाटलं होतं तितकं दुखलं नाही. पण दुखलं.

भिंतीपलीकडे टिंग वाजली. मग चपला फरशीवर घासत आल्या आणि सासरे दारात उभे राहिले. तिच्या कामाच्या वेळात ते या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतही कधी येत नसत.

"हे काय केलंस?"

"घेतला."

"मी मागे घेतला होता ना?"

"खोटं लिहून घेतला होतात. बाबा, तुम्ही खोटं लिहिलंत. मोजमापाबद्दल!"

"खोटा आकडा एकही लिहिलेला नाही मी," ते मान ताठ करून म्हणाले. "'फायदा दिसून आला नाही,' एवढंच लिहिलं. चष्मा नव्हता लावला. नाही दिसला."

हसावं की रडावं तिला कळेना. "आणि तो खडूस तुम्हाला काय काय बोलला!"

"बोलू दे. माझं काय जातंय? माझं जे जायचं ते बँकेतच गेलं." ते दाराच्या चौकटीवरचा न दिसणारा डाग अंगठ्याने घासत राहिले. "तुझं तरी राहू द्यायचं होतं."

मग ते दोन पावलं आत आले.

"ते बघतात कसं?" त्यांनी विचारलं. "कुठली ओळ कुणाची, ते? आधी बघता आलं असतं तर मी पाठवलाच नसता."

"म्हणून बरं झालं, नाही आलं ते."

"तरी दाखव."

तिने आज्ञा लिहून दाखवली. पडद्यावर प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला नावं उमटली. तक्ता होता त्या जागी आता मोजक्या ओळी होत्या, आणि त्यांच्यापुढे सासऱ्यांचं नाव होतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, ते नाव एकदा वाचलं, आणि त्यावर फार वेळ थांबले नाहीत.

"आणि तुझं?"

"इथून गेलं. मागच्या इतिहासात असेल."

"काढ."

तिने मागे जात जात आपला तो पहिला पॅच काढला. नव्याकोऱ्या माणसाने लिहावं तसं लांबलचक, जीव तोडून केलेलं स्पष्टीकरण. वर तारीख. सासरे तारखेपाशीच अडले. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला.

"हे तर तू या घरात आलीस त्या वर्षीचं."

"हो."

"याच खोलीत?"

"याच खोलीत. तेव्हा इथे पलंग होता, त्यावर बसून."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. "तेव्हा मी तुझ्या सासूपाशी कुरकुर करायचो," ते पडद्याकडे बघतच म्हणाले. "म्हणायचो, ही मुलगी दिवसभर दार लावून आत करते तरी काय."

"मला ऐकू यायचं."

"यायचं?"

"यायचं, बाबा."

बाहेर सासूबाईंनी चहा टाकू का म्हणून विचारलं. सासऱ्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, तिच्यावरचे टॉवेल उचलून मांडीवर घेतले आणि सुनेच्या शेजारी बसले.

"मग सांग आता," ते म्हणाले.

"काय?"

"हे कसं केलं होतंस ते. पहिल्यापासून सांग, मला घाई नाही."

तिने पडदा त्यांच्या बाजूला थोडा वळवला आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागली.